सातपूर, नागपूर, कोल्हापूर : एका त्रिकोणातल्या नऊ जादा कला

१/ महाराष्ट्राच्या नकाशावर तीन ठिपके मांडा. पहिला नाशिकच्या सातपूरवर, दुसरा नागपूरवर, तिसरा कोल्हापूरवर. तिन्ही सरळ रेषांनी जोडा. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे आपण शाळेत घोकलेले असते. कागदावर ते खरे आहे. जमिनीवर मात्र नाही. प्रत्यक्ष भूपृष्ठावर या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश आणि वर जवळजवळ ९ कला भरते. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. हा धागा या नऊ जादा कलांचा, आणि असल्या जादा कला-विकला मोजताना आयुष्ये वेचलेल्या माणसांचा आहे.

२/ हे आधिक्य येते कोठून? पृथ्वी गोल आहे, म्हणून तिच्यावरची सर्वांत जवळची वाट ही सरळ रेषा नसून बृहत्‌वृत्ताचा कंस असतो. उत्तर ध्रुवावरून निघून विषुववृत्तापर्यंत या, विषुववृत्तावरून पाव फेरी मारा आणि पुन्हा ध्रुवाकडे वळा. तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन असतील. बेरीज २७० अंश. त्रिकोण जितका लहान, तितके आधिक्य कमी. हिशेब सोपा आहे : सुमारे १९७ चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे कलेचा साठावा भाग. आपला त्रिकोण सुमारे १ लाख ५ हजार ७०० चौरस किलोमीटरचा आहे. भागाकार करून पाहा. नऊ कलांच्या अगदी जवळ पोहोचाल.

३/ आज हे काम क्षणाचे आहे. सातपूरच्या एखाद्या खोलीत बसलेला विद्यार्थी संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टंकतो आणि उत्तर हजर होते. ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’ अर्थात जीएमटी ही विनामूल्य आज्ञावली पॉल वेसल आणि वॉल्टर स्मिथ यांनी १९८८ च्या सुमारास अमेरिकेतील लॅमाँट वेधशाळेत घडवली. तिच्यात ‘स्फट्रायअँग्युलेट’ नावाची एक आज्ञा आहे. तिला गावांच्या रेखांश-अक्षांशांची यादी दिली, की ती गोलावर त्रिकोणांचे जाळे विणते. सांगितल्यास प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळही देते. खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक ओळ आज्ञेची आणि खाली उत्तरांच्या रांगा.

४/ यादीत शंभर गावे असतील, तर कोणत्या तिघांना जोडायचे हे ती कसे ठरवते? त्यासाठी रशियन गणिती बोरिस डेलोने याने १९३४ मध्ये मांडलेली कसोटी वापरतात : त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे वर्तुळ काढा, त्या वर्तुळाच्या आत चौथे गाव येता कामा नये. ही अट पाळली, की सुईसारखे निमुळते त्रिकोण शक्यतो टळतात. गोलावर हे जाळे विणण्याची कार्यपद्धती रॉबर्ट रेन्का याने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली आणि जीएमटीची आज्ञा तीच वापरते. विशेष म्हणजे डोंगरमाथ्यांवर दुर्बिणी घेऊन चढणारे जुने सर्वेक्षकही निमुळत्या त्रिकोणांपासून दूर राहात. अरुंद कोनातली बारीकशी चूक बाजूच्या लांबीत मोठी होऊन उतरते, हे ते अनुभवाने जाणत होते.

५/ या आज्ञेत एक सापळा आहे. तिला आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यावा लागतो. सातपूरचे अंक, म्हणजे साधारण ७३.७ आणि २०, उलट क्रमाने लिहिले, तर यंत्र तक्रार करत नाही. ते सातपूरला निमूटपणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या गारठलेल्या समुद्रात नेऊन ठेवते आणि तेथूनही सुबक त्रिकोण विणते. आज्ञा बिंदू जोडते. बिंदू खरे आहेत की खोटे, हे तिला ठाऊक नसते. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे बिंदू आले कोठून?

६/ उत्तराची सुरुवात नाशिकपासून फार दूर नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. ज्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे पठन तेथे व्हावयाचे होते, तो ग्रंथ भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला होता.

७/ त्याच ग्रंथाच्या गोलाध्यायात आपल्या विषयाशी थेट नाते सांगणारे दोन विचार आहेत. पहिला : पृथ्वी प्रचंड आणि माणूस चिमुकला, म्हणून परिघाचा शंभरावा भाग त्याला सपाटच भासतो. दुसरा : उत्तर-दक्षिण रेषेवरच्या दोन नगरांमधले अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक ठाऊक असेल, तर त्रैराशिकाने संपूर्ण परीघ काढता येतो. पहिल्यात नऊ कलांचे आधिक्य आपल्याला जाणवत का नाही याचे उत्तर आहे. दुसऱ्यात साडेसहाशे वर्षांनंतर दख्खनच्या पठारावर घडणार असलेल्या प्रयोगाचे सूत्र आहे. अडचण एकच होती : दोन दूरच्या नगरांमधले अंतर अचूक मोजायचे कसे? वाटेत नद्या, रान, डोंगर.

८/ ती अडचण त्रिकोणांनी सोडवली. १६१५ च्या सुमारास हॉलंडमध्ये विलेब्रॉर्ड स्नेलियस याने हा मार्ग मोठ्या प्रमाणावर चालून दाखवला. सपाट जमिनीवर एकच रेषा अत्यंत काळजीने मोजायची; तिला पायारेषा म्हणू. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेकडे पाहून कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा रीतीने जमिनीवर पुन्हा साखळी न टाकता, केवळ माथ्यावरून माथ्याकडे पाहत, शेकडो कोस पुढे जाता येते.

९/ भारतात हे काम विल्यम लॅम्टन याने आरंभिले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपूचे राज्य संपले, आणि कंपनी सरकारला नव्या मुलखाचे नकाशे हवे झाले. लॅम्टनला मात्र नकाशापेक्षा पृथ्वीचा आकार मोजण्याची ओढ होती. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ पायारेषेचे काम सुरू केले. शंभर फुटी पोलादी साखळी पुनःपुन्हा टाकत सुमारे १२ किलोमीटर लांबीची रेषा मोजायला ५७ दिवस लागले. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी पाठवलेल्या भेटवस्तूंपैकी होती. तेथे ती स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत हिंदुस्थानात पोहोचली.

१०/ कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्टनचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. त्याच्या आडव्या चक्राचा व्यास ३६ इंच. या चक्राच्या कडेवर एक विकला म्हणजे दोन मायक्रॉनांहून किंचित अधिक जागा! सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा. मायक्रॉन म्हणजे काय हे तो मायक्रोमीटर हातात घेऊन दाखवील. तेवढी सूक्ष्मता दोनशे वर्षांपूर्वी माणसांच्या खांद्यांवरून डोंगर चढत होती. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून हे यंत्र भिंतीवर आदळले आणि चक्र वाकले. लॅम्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते हाताने पूर्ववत केले.

११/ येथे आपल्या जादा कला-विकला कामाला येतात. समजा, प्रत्येक बाजू ५० किलोमीटरची असलेला त्रिकोण आहे. त्याचे आधिक्य साडेपाच विकला. सर्वेक्षक तिन्ही माथ्यांवर जाऊन तिन्ही कोन मोजतो. बेरीज १८० अंश आणि साडेपाच विकला आली, तर काम चोख. नुसती १८० अंश आली, तर नवशिका हर्षित होईल; जाणता सर्वेक्षक मात्र पुन्हा यंत्र लावील, कारण कोठेतरी साडेपाच विकलांची चूक झाली आहे. एका विकलेची चूक ५० किलोमीटरवर २४ सेंटिमीटर सरकते, आणि अशा त्रिकोणांची साखळी शेकडो कोस लांब. सरळ, सोयीचे उत्तरच येथे संशयास्पद ठरते.

१२/ दक्षिणेच्या टोकाकडून उत्तरेकडे सरकणारी ही साखळी १८१५ मध्ये बिदरजवळच्या दामरगिड्ड्यापर्यंत आली. तोवर जवळजवळ दहा अंशांचा कंस मोजून झाला होता. १ जानेवारी १८१८ पासून हे काम थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि ‘ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव त्याला मिळाले. त्याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावची लढाई झाली. त्याच वर्षी पेशवाई संपली. दोन घटनांचा परस्परसंबंध कोणी योजलेला नव्हता. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : राज्य हस्तगत होणे आणि भूमी मोजली जाणे या दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच सत्तेच्या हातून घडत होत्या. ज्याच्या हाती नकाशा, त्याला फौज कोठून न्यायची आणि वसूल कोठून आणायचा हे आधी कळते.

१३/ लॅम्टन पुढे विदर्भात आला तो परतला नाही. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये, वर्धा जिल्ह्यातल्या आजच्या हिंगणघाट येथे मुक्कामात त्याचा मृत्यू झाला. वय सत्तरीच्या आसपास, फुफ्फुसे जर्जर. वीस वर्षांहून अधिक काळ जो तंबूत राहिला, त्याला तेथेच मूठमाती मिळाली. ज्या गिरिशिखरावर तो कधी गेला नाही, त्याला पुढे त्याच्या मदतनिसाचे नाव लाभले. लॅम्टनचे नाव मात्र हिंगणघाटच्या थडग्यावर उरले.

१४/ तो मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट. त्याने साखळी वऱ्हाडात नेली. इंग्रजी कागदपत्रांत ‘टकलखेडा’ असे नोंदलेले अचलपूर परिसरातले ठाणे हे तिचे महत्त्वाचे स्थानक. येथे एक नवे संकट उभे राहिले. अक्षांश काढण्यासाठी ताऱ्यांचे वेध घेतात आणि ‘खाली’ कोणती दिशा हे ओळंबा सांगतो. पण उत्तरेला सातपुड्याच्या रांगा होत्या. इतके प्रचंड वस्तुमान ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढते. ओळंबा झुकला की अक्षांश चुकतो. डोंगराने साक्षीदारालाच फितवावे, तसा हा प्रकार. एव्हरेस्टने या ओढीचा हिशेब मांडला आणि पुढचे मुख्य ठाणे डोंगरांपासून दूर, माळव्यातल्या कल्याणपूर येथे निवडले.

१५/ दामरगिड्डा ते कल्याणपूर या कंसाचा वृत्तांत एव्हरेस्टने १८३० मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. कंसाचे आरंभ-शेवटचे अक्षांश १८ अंश ३ कला आणि २४ अंश ७ कला. नकाशावर बोट फिरवा : हा कंस मराठवाडा-विदर्भाच्या पट्ट्यातून उत्तरेकडे जातो. या कामातून पृथ्वीच्या आकाराचे जे माप ठरले, ते ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने भारतीय नकाशांचा आधार झाले. त्यात विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७७.२८ किलोमीटर आहे. आज उपग्रहांसाठी जगभर वापरले जाणारे माप ६३७८.१४ किलोमीटर. फरक सुमारे ८६१ मीटरचा! साधने पाहता ही जवळीक थक्क करणारी आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या नकाशांसाठी नवे माप स्वीकारले; तोवर सुमारे पावणेदोन शतके जुने माप कामात होते.

१६/ दामरगिड्ड्याहून एक फाटा पश्चिमेकडे मुंबईला निघाला : ‘बॉम्बे लाँगिट्यूडिनल सीरीज’. दख्खनच्या पठारावरून सह्याद्रीकडे सरकणाऱ्या या त्रिकोणमालिकेवर रॉबर्ट शॉर्टरीड याने काम केले. या शॉर्टरीडची दुसरी ओळखही लक्षात ठेवावी. १८४४ मध्ये त्याची लॉगरिथमची कोष्टके प्रसिद्ध झाली, सात दशांश स्थळांपर्यंत. डोंगरावर कोन मोजून झाल्यावर खरी दमछाक कागदावर होई. एकेका त्रिकोणासाठी कोष्टकांतून आकडे काढायचे, बेरजा-वजाबाक्या करायच्या, मग दुसऱ्याने तेच गणित स्वतंत्रपणे करून ताळा पाहायचा. कोष्टके हीच त्या काळची आज्ञावली.

१७/ आणि ती चालवणाऱ्या माणसांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत. यंत्राला मिळण्यापूर्वी हे नाव माणसांचे होते. १८३१ मध्ये कलकत्त्याचा राधानाथ सिकदार हा तरुण या पदावर रुजू झाला. पुढे प्रमुख संगणक म्हणून त्याने ‘पंधरावे शिखर’ जगात सर्वोच्च असल्याचे गणित १८५२ मध्ये जुळवले. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. १८५१ च्या सर्वेक्षण-मार्गदर्शिकेत त्याच्या साह्याची नोंद होती. १८७५ च्या आवृत्तीत ती गाळण्यात आली, तेव्हा सिकदार हयात नव्हता. त्याची गणिते ग्रंथात राहिली. नाव तेवढे गेले.

१८/ सिकदारचे नाव निदान पुन्हा शोधता आले. अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन हा कारागीर इंग्लंडहून आलेल्या यंत्रज्ञानंतर सर्व्हेची नाजूक उपकरणे सांभाळू लागला. त्याच्या हातांवाचून थिओडोलाइट चालता ना. पण झेंडे धरून माथ्यांवर उभे राहणारे, धुक्यात रात्रभर दिवे तेवते ठेवणारे, रानातून दृष्टिरेषा मोकळी करण्यासाठी झाडे तोडणारे लोक शेकड्यांनी होते. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीमधल्या रानांत तापाच्या साथीने एव्हरेस्टची सारी तुकडी आडवी केली आणि अनेक माणसे दगावली. एव्हरेस्ट हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला गेला. दिवेकऱ्यांना तशी सोय नव्हती.

१९/ एका प्रचलित गैरसमजाचे निरसन येथे करावे. मोबाइलमधील जीपीएस ‘त्रिकोणीकरण’ करते असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नव्हे. जीपीएस कोन मोजत नाही. उपग्रहांचे संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून ते अंतरे काढते आणि किमान चार उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून आपले स्थान ठरवते. तसेच जीएमटीची आज्ञाही जमीन मोजत नाही. ती मोजलेल्या बिंदूंचे जाळे विणते. लॅम्टनचे त्रिकोण अज्ञात स्थळे शोधण्यासाठी होते, संगणकाचे त्रिकोण ज्ञात स्थळांमधली जागा भरून काढण्यासाठी असतात. शब्द एक, कामे तीन.

२०/ आणखी एक सावधगिरी. ही आज्ञा पृथ्वीला निर्दोष गोल मानते. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय त्रिज्यांत २१ किलोमीटरांहून अधिक फरक आहे. ढोबळ जाळ्यासाठी गोल पुरतो. शेताच्या बांधाचा वाद सोडवायला तो पुरत नाही. एकेकाळी शंकूसाखळी घेऊन येणारा भूकरमापक आता रोव्हर घेऊन येतो, तेव्हा त्याच्या यंत्रात गोल नव्हे, तर चपटा गोलाभ वसलेला असतो. कोणते गणित कोठे थांबते, हे ठाऊक असणे हीच अचूकतेची पहिली पायरी.

२१/ आता करून पाहा. आपल्या ओळखीच्या दहा गावांचे रेखांश-अक्षांश एका साध्या फाइलमध्ये लिहा : सातपूर, चाळीसगाव, अचलपूर, हिंगणघाट, बिदर, मुंबई, जी सुचतील ती. रेखांश आधी. आज्ञा चालवा, क्षेत्रफळे मागा, १९७ ने भागा आणि प्रत्येक त्रिकोणाच्या जादा विकला स्वतः काढा. काम मिनिटाभराचे आहे. मग त्याच यादीतले हिंगणघाट पुन्हा एकदा वाचा. त्या ओळीत आज दोन आकडे आहेत. दोनशे वर्षांपूर्वी तेथे एक तंबू होता, आत एक वृद्ध अखेरचे श्वास घेत होता, आणि बाहेर नाव न नोंदलेली माणसे उद्या यंत्र कोणत्या माथ्यावर न्यायचे या आज्ञेची वाट पाहत होती.